नुसते ओठ हलव: उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरचे तीन दिवस

या ब्लॉगवर तुम्ही येता ते किल्ल्यांसाठी, हे मला ठाऊक आहे. जुन्नरची बाई दुसरं काय लिहिणार? पण या वेळी गड नाही, पाण्याचं टाकं नाही, चढताना लागलेली धाप नाही. धाप लागली, पण ती सपाट जमिनीवर.

नव्या वाचकांसाठी सांगते, मी शाळेत संगीत शिकवते. सत्तावीस वर्षं झाली. दिवाळीच्या सुट्टीआधी हेडसरांनी एक कागद पुढ्यात ठेवला: समूहगान बसवणाऱ्या शिक्षकांचं आणि दिग्दर्शकांचं संमेलन, पहिला दिवस उल्हासनगर, दुसरा अंबरनाथ, तिसरा बदलापूर. एकच हॉल सलग तीन दिवस घेणं आयोजकांना परवडेना, म्हणून तीन गावं. "तुमचं नाव दिलंय, फीही भरली," सर म्हणाले. मी खुश झाले, आणि पान उलटल्यावर माझी खुशी जागच्या जागी विरली.

या वर्षी संमेलनात व्होकल जॅझवर भर होता. पहिल्या दिवशी आठ जणांच्या गटाचं गाणं, दुसऱ्या दिवशी कार्यशाळा, तिसऱ्या दिवशी सगळ्यांचे अनुभव. कार्यशाळा घेणार: शीतल औटी, बदलापूर.

औटी आमच्याकडे पैशाला पासरी. शीतल तर त्याहून जास्त. पण खाली फोटो होता, आणि त्या फोटोतला उंच कपाळाचा चेहरा माझ्या सातवी ब मधला होता.

आता मुद्द्याचं सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून उपयोग नाही. शीतलचा आवाज जाड होता. बाकी मुली वरच्या पट्टीत आणि ही खाली, विहिरीत बादली सोडल्यासारखी. आंतरशालेय स्पर्धा तोंडावर होती. मी तिला म्हटलं, "तू नुसते ओठ हलव." ती उंच म्हणून मागच्या रांगेत शोभून दिसायची, त्यामुळे तिला काढलीही नाही. तिनं वर्षभर ओठ हलवले. आम्हाला ढाल मिळाली. समूहगान बसवणाऱ्या बहुतेक लोकांकडे ही युक्ती असते. माझी तर खूणच ठरलेली आहे: तालमीत एखाद्याकडे बघून उजवी करंगळी ओठाला लावायची. पोरांना बरोबर कळतं.

"अगं, किती वर्षं झाली त्याला," आमचे हे म्हणाले. "तिला आठवत पण नसेल."

"आणि आठवत असेल तर?"

"तर काय, बघ जाऊन."

बघ जाऊन म्हणायला यांचं काय जातंय. पण नाही गेले असते तर हेडसरांना कारण काय सांगणार होते?

पहिला दिवस, माळशेज उतरून

जुन्नरहून पहाटेची गाडी. ओतूर, माळशेज, मुरबाड, कल्याण. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे प्रवास स्वस्तात. घाटात डाव्या बाजूला बसा, दरी दिसते. पावसाळा संपून गवत पिवळं पडलं होतं आणि एरवी मी खिडकीला नाक लावून बसले असते. त्या दिवशी मी काय करत होते, तर पर्समधला आरसा काढून चेहरा बघत होते. तेव्हा माझी लांब वेणी होती, आता मानेपर्यंत केस आणि जाड चष्मा. वजन तर विचारू नका. मी ओळखू येणार नाही, अशी मनाची समजूत घातली. बिल्ल्यावर नुसतं आडनाव लिहायचं, तेही ढमाले. ढमालेही आमच्याकडे कमी नाहीत.

कल्याणच्या पुढे विठ्ठलवाडीला उतरले तेव्हा ऊन चढलं होतं. घाटावरून येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, इथला नोव्हेंबर म्हणजे आपला मार्च. स्वेटर पिशवीत घाला आणि विसरून जा. रिक्षा शेअरिंगची मिळते, मात्र पत्ता सांगताना कॅम्प नंबर, म्हणजे शहराचा कुठला भाग, ते सांगावं लागतं. मी नुसतं "उल्हासनगर" म्हटल्यावर रिक्षावाला हसला. "मावशी, उल्हासनगरमध्येच उभ्या आहात. कौनसा कॅम्प?"

माझी राहायची सोय आयोजकांनी जयाकडे केली होती, तीही संमेलनाला येणार होती. जया मखिजा, साठीच्या आसपासची सिंधी बाई, कापडाचं दुकान सांभाळून बायकांचं भजनी मंडळ चालवते. दारातच तिनं मला "अदी" म्हटलं. सिंधीत अदी म्हणजे ताई. ती माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी, पण हिशेब कोण करतंय.

"पहले खाना, बाद में गाना," म्हणत तिनं दाल पकवान पुढे ठेवलं. पकवान म्हणजे कडक तळलेली मोठी पुरी, त्यावर चण्याची डाळ, चिंचेची चटणी, कांदा. उल्हासनगरला जाऊन हे न खाता परत येणाऱ्याला मी माफ करणार नाही. सकाळी लवकर गाठा, दुपारपर्यंत गाड्यांवरचं संपतं. मला मात्र दुसरा घास उतरेना.

"अदी, तबियत ठीक नाय काय?"

"ठीक आहे. प्रवासाचं."

"प्रवासाचं असं तोंड नसतं," जया म्हणाली आणि आणखी डाळ वाढली.

हॉल लग्नाचा होता. स्टेजवरच्या दोन सिंहासन-खुर्च्या कोपऱ्यात ढकलल्या होत्या आणि झुंबरावर अजून झेंडूची माळ होती. साठेक शिक्षक असतील. मी शेवटच्या रांगेत खांबाआड जागा धरली. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते असं.

मग ते आठ जण आले. पेटी नाही, तबला नाही, काही नाही. एकीनं चुटकीनं लय दिली आणि आठ गळ्यांतून आठ वेगळे सूर एकदम निघाले. आता आपल्याकडे समूहगान म्हणजे सगळ्यांनी एकच चाल म्हणायची आणि पेटीनं ती सांभाळायची. इथे शेजारशेजारचे सूर एकमेकांना खेटून उभे होते. आपल्या पेटीवर अशा दोन पट्ट्या एकदम दाबल्या तर आपण पेटी दुरुस्तीला देऊ. आणि ते कानाला टोचत नव्हतं, उलट आणखी हवंसं वाटत होतं. मधेच एक जण गाणं सोडून निरर्थक अक्षरं म्हणत सुटला, तराण्यात म्हणतात तशी, पण जागच्या जागी सुचतील तशी.

शीतल डावीकडून शेवटची. ती सगळ्यात खालचा सूर धरून होती. दुम्, दुम्, दुम्, मोठ्या तंतुवाद्यासारखा. विहिरीतली तीच बादली. डोळे मिटले असते तरी तो आवाज मी ओळखला असता, कारण मीच तो बंद केला होता.

जयानं मला कोपरानं ढोसलं. "ये जो नीचे गा रही है ना, बदलापूरची आहे. ती हटली की सगळं खाली येईल, बघ."

मला रडू येईल असं वाटलं, आणि त्याहून जास्त भीती वाटली. ती इतकी मोठी झाली होती की आता ती मला काहीही बोलू शकत होती, साठ लोकांसमोर. मी चहाला थांबले नाही.

दुसरा दिवस, अंबरनाथ

कार्यशाळा दहाला, अंबरनाथ पश्चिमेच्या एका शाळेत. जयानं आठलाच उठवून पूर्वेला शिवमंदिरात नेलं. रिक्षानं जा आणि सकाळीच जा, दगड तापायच्या आत. हजार वर्षांचं काळं दगडी मंदिर, भिंतीवर वीतभर जागा कोरल्याशिवाय सोडलेली नाही. बाजूच्या ओढ्याचं पाणी बघू नका, मन खट्टू होतं. गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. खाली त्या वेळी आम्ही दोघीच होतो.

"आवाज लावून बघ," जया म्हणाली.

मी षड्ज लावला. तो चारी बाजूंनी परत आला, भरून, गोल. सत्तावीस वर्षं शिकवणाऱ्या बाईचा असावा तसा. वर येताना थोडा धीर आला होता. हे लिहायचं कारण पुढे कळेल.

शाळेच्या वर्गातले बाक भिंतीला लावून आम्हाला गोलात उभं केलं होतं. गोलात खांब नसतो, हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं. शीतल आत आली, साधा कुर्ता, गळ्यात सूर द्यायची शिट्टीसारखी छोटी सूरनळी. नजर सगळ्यांवरून फिरली, माझ्यावरूनही. थांबली नाही. मी सुटकेचा श्वास सोडला.

"पहिल्यांदा टाळी," ती म्हणाली. "एक आणि तीनवर पाय, दोन आणि चारवर टाळी."

सोपं वाटतं ना? साठ संगीत शिक्षकांना ते जमेना. जन्मभर भजनात समेवर टाळी मारलेले हात, एक म्हटलं की आपोआप एकत्र यायचे. तिनं सगळ्यांना हात पाठीमागे बांधायला लावले, आधी नुसते पाय. "समेची टाळी घरी ठेवून या. संध्याकाळी परत मिळेल." लोक हसले, मीही हसले. तासाभरात मी विसरले की मी लपलेली आहे.

मग तिनं चार गट केले आणि प्रत्येकाला एक सूर दिला. माझ्या शेजारी एक निवृत्त सर होते, गोड माणूस, पण सूर कुठल्या कुठे. ते जोरात म्हणत होते आणि आमच्या गटाचा सूर घसरत चालला होता. शीतल समोरून ऐकत होती. गट चांगला व्हावा असं मला मनापासून वाटत होतं. मी सरांकडे वळले आणि उजवी करंगळी ओठाला लावली.

हात कधी वर गेला ते मला कळलं नाही. खाली यायला मात्र फार वेळ लागला, कारण समोर शीतल बघत होती. सरांकडे नाही. माझ्या करंगळीकडे.

तिनं चुटकी वाजवली आणि म्हणाली, "आता एकेक जण. चार मात्रा तुमच्या. कुठलीही अक्षरं, कुठलाही सूर. चूक अशी काही नसतेच." उरलेले सगळे मागे ठेका धरणार. पाळी गोल फिरत माझ्याकडे येत होती. पाच जण, चार, तीन. जयानं सिंधीत काहीतरी ठोकून दिलं आणि टाळ्या मिळवल्या. त्या सरांनी तर बेसूरच, पण मजेत म्हटलं.

माझी पाळी आली. मी तोंड उघडलं. सकाळी गाभाऱ्यात भरून आलेला तो आवाज कुठे गेला कोण जाणे. ओठ हलले, आणि आवाज आला नाही. एक, दोन, तीन, चार. सगळे ठेका धरून माझ्याकडे बघत होते.

शीतलनं पाळी पुढे सरकवली नाही. हात वर करून ठेका चालूच ठेवायला सांगितलं आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हसली नाही. नुसती थांबली. पुन्हा चार मात्रा गेल्या. तिसऱ्या खेपेला माझ्या घशातून "दा" असं एक काहीतरी आलं, दाराच्या बिजागरीसारखं. ती मान हलवून पुढच्याकडे गेली.

जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली वडापावकडे पळाले. मी जिन्यातच बसून राहिले. पळून जाऊन पाच वाजताची गाडी मिळेल का, हा हिशेब डोक्यात चालू होता. शीतल वरून दोन कागदी कप घेऊन आली आणि शेजारी बसली.

"बाई, चहा बिनसाखरेचा घेता ना अजून?"

एवढ्यावर मी कोलमडले. "कधी ओळखलंस?"

"करंगळीला. त्याआधी नुसतं वाटत होतं, कुणीतरी ओळखीचं आहे."

"शीतल, मी तुला..."

"बाई, एक सांगू? तो किस्सा मी प्रत्येक वर्कशॉपला सांगते. नाव नाही घेत. शाळेत एक बाई होत्या, म्हणून सुरू करते. लोक खूप हसतात. आज सांगणार होते, गटांचं झाल्यावर लगेच. मग तुम्ही करंगळी लावलीत."

"मग का नाही सांगितलास?"

"तुम्ही समोर होतात." तिनं चहाचा घोट घेतला. "समोर असल्यावर तो जोक राहत नाही."

मी विचारलं, राग आहे का. विचारायला नको होतं, पण राहवलं नाही.

"होता. आता नाही म्हणाले तर खोटं होईल थोडं." ती कपाच्या कडेवरून बोट फिरवत होती. "आई म्हणायची, आरती म्हण, तर मी ओठच हलवायचे. कुणाच्या वाढदिवसाला पण तेच. घरात एकटी असले तरी. मला मुद्दाम करायचं नसायचं, आवाज यायचाच नाही. इथं नोकरीला लागल्यावर ऑफिसच्या ग्रुपमध्ये खालचा सूर धरायला माणूस नव्हतं. तिथली एक बाई रोज दहा मिनिटं माझ्यासमोर उभी राहायची. स्वतः गायची नाही. नुसती थांबायची. चार महिने, बाई."

मी सॉरी म्हटलं. तिनं "हं" केलं. माफ केलं म्हणाली नाही, आणि मला ते बरोबर वाटलं.

"उद्या मी सांगू का तो किस्सा?" मी विचारलं. "नावासकट. माझ्या."

तिनं पहिल्यांदा नीट माझ्याकडे बघितलं. "जमेल?"

"नाही माहीत."

तिसरा दिवस, बदलापूर

बदलापूर स्टेशनपासून सोनिवलीला रिक्षा मिळते, थोडी घासाघीस करा. नव्या टॉवरांच्या क्लबहाउसमध्ये शेवटचं सत्र होतं. गेटबाहेर एक आजीबाई काकड्या घेऊन बसल्या होत्या. "घे ना बाय, आपल्याच मळ्याची हाय." मळा कुठे आहे विचारलं तर त्यांनी पंधरा मजली इमारतीकडे हात केला. "पयलं तिथं भात लावायचो. आता ह्या बाजूला येवढाच तुकडा ऱ्हायलाय." चवीला दिलेली फोड मात्र गोड होती. चार घेतल्या आणि तशाच पिशवीत टाकल्या.

अनुभव सांगायला हात वर करायचा होता. मी दोनदा केला आणि दोनदा चष्मा पुसल्यासारखं दाखवून खाली घेतला. तिसऱ्यांदा जयानं माझा हात धरून वर केला आणि सोडलाच नाही.

मी उभी राहिले. गाव सांगितलं, शाळा सांगितली, स्पर्धा, सातवी ब, मागची रांग. "ती मुलगी ही," म्हणून शीतलकडे बोट दाखवलं, "आणि त्या बाई मी." कुणी हसलं नाही. मग माझ्याच तोंडून निघून गेलं, "तुमची खूण काय आहे?"

मग कालचे ते निवृत्त सर म्हणाले, "मी पेन्सिल दाखवायचो." पुण्याची एक बाई म्हणाली, ती खांद्यावर हात ठेवते. कुणी फक्त बघतं. कुणी मुलाला टाळ देतं, वाजवत बस म्हणतं. जया माझ्याशेजारी अगदी हळू म्हणाली, "मैं तो बोलती हूं, तू प्रसाद बांट." एकेक हात वर येत गेला. मी मोजले नाहीत, पण न आलेले मोजायला सोपे गेले असते.

निघताना शीतल मुरबाडच्या गाडीपर्यंत सोडायला आली. बारवी धरणाच्या बाजूचा हा रस्ता घ्या, कल्याणची गर्दी टळते आणि झाडी छान आहे. गाडी सुटताना मी तिला म्हटलं, "घरी ये कधी, जुन्नरला." ती म्हणाली, "बघू, बाई." त्यात होही नव्हतं आणि नाहीही. मी काकड्या तिच्या हातात दिल्या.

घरी

खर्च विचाराल तर राहणं-जेवण जयाकडे, बाकी रिक्षा, गाडी, खाणं मिळून हजाराच्या आतबाहेर. तेवढ्यात एखादा गड होतो. थकवा गडापेक्षा जास्त.

सोमवारी शाळा. माझ्या वहीत गाणाऱ्या मुलांची यादी असते, आणि काही नावांपुढे मी पेन्सिलनं टिंब देते. टिंब म्हणजे ओठवाले. या वर्षी तीन टिंबं आहेत. मी रबर घेऊन ती खोडली. एवढं सोपं होतं, रबरानं.

त्या तिघांतली एक अनुजा, सहावीतली, बुटकी, केसांना नेहमी दोन वेगळ्या रंगांची रबरं. तिला पुढे बोलावलं आणि म्हटलं, "आजपासून तू पण म्हणायचं. मोठ्यानं."

"हो बाई."

गाणं सुरू झालं. अनुजाचे ओठ प्रत्येक शब्दाला बरोबर हलत होते. मी जवळ जाऊन कान लावला. काही नाही. "अगं म्हण की," मी म्हटलं. तिनं घाबरून माझ्या उजव्या हाताकडे बघितलं, आणि ओठ आणखी मोठे हलवले.

मी पेटीचा भाता बंद केला. बाकीच्यांना हळू टाळी धरायला सांगितली आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून तिच्यासमोर उभी राहिले. चार मात्रा गेल्या. मग आणखी चार. मधल्या सुट्टीची घंटा झाली. मी मुलांना सोडलं, पण अनुजा हलली नाही, म्हणून मीही हलले नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दहा मिनिटं उभी राहिले. आज लिहितेय तो अकरावा दिवस.